वक्रपटलातील प्रकाशगळती : एका दोषाचा आणि एका शब्दाचा इतिहास

आमच्या विभागातील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची परिभाषा संगृहीत करीत आहे. गेल्या वर्षी तिने आपली शब्दसूची मजपुढे ठेवली. तीत दूरचित्रवाणीच्या वक्र पटलाच्या एका दोषास 'उजेडाची गळती' असे नाव दिलेले होते. काळोखे दृश्य चालू असता पटलाच्या कोपऱ्यांत फिकट ढगासारखा उजेड दिसतो, तोच हा दोष. हा शब्द इंग्रजीवरून शब्दशः उचललेला आहे, की कारागिराने तो आपल्या भाषेतून स्वतंत्रपणे काढला आहे, असा तिचा प्रश्न होता. व्युत्पत्तीच्या पुस्तकात ह्याचे उत्तर मिळणार नाही हे उघड होते. वस्तू कळल्यावाचून शब्द कळत नाही, म्हणून मला पदार्थविज्ञानाच्या दारी जावे लागले. तेथे जे आढळले त्यात महाराष्ट्राशी निगडित असे बरेच काही निघाले. ते विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

द्रवस्फटिक पटलाविषयी एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. हे पटल स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. त्याच्या मागे दिवे अखंड पेटलेले असतात आणि पटलाचे काम तो प्रकाश अडविण्याचे आहे. पांढरे दाखविणे त्याला सोपे जाते, कारण त्यासाठी वाट मोकळी सोडली की झाले. कठीण आहे ते काळे दाखविणे. ह्या दृष्टीने पाहता ह्या यंत्राचा इतिहास हा काळोख निर्माण करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. अशा यंत्रांच्या रूढ इतिहासांत शोधकांची नावे व सनावळी ओळीने येतात, परंतु ही बाजू त्यांत फारशी येत नाही.

काळोख निर्माण करण्याची युक्ती ध्रुवणाची आहे. १६६९ साली एरास्मुस बार्थोलिन ह्या डॅनिश पंडितास आइसलंडहून आलेल्या कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहताना एका अक्षराच्या दोन प्रतिमा दिसल्या. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांतूनही कॅल्साइट सापडते. त्याचा स्वच्छ तुकडा हाती आल्यास हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल. १८०८ मध्ये एतिएन मालूस पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश अशाच स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरविताच एक प्रतिमा मंद होत गेली. प्रकाशास 'बाजू' असतात ही कल्पना न्यूटनची. मालूसने चुंबकाच्या दोन टोकांशी त्या बाजूंचे साम्य कल्पिले आणि १८११ च्या सुमारास ध्रुवणाचा फ्रेंच शब्द घडविला. ज्या उपमेवर तो उभा होता ती पुढे चुकीची ठरली, परंतु शब्द राहिला. मराठीत आपण 'ध्रुव' हा शब्द घेऊन त्याचे 'ध्रुवण' केले आणि एका फ्रेंच गृहस्थाची चुकलेली उपमा संस्कृत वेषात स्वीकारली. १९६० मध्ये शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले (पहिला खंड १९७६). त्या काळातील परिभाषाकारांना हे टाळता आले असते असे मला वाटत नाही. विश्वकोशात 'ध्रुवण' व 'प्रणमन' हे शब्द आहेत, तर शालेय पुस्तकांत 'प्रणमना'च्या जागी 'अपवर्तन' आले. एका पिढीने एक शब्द शिकावा आणि दुसरीने दुसरा, ही आपल्या परिभाषेची जुनी कुळकथा आहे. शिवाय वृत्तपत्रांनी 'ध्रुवीकरण' हा शब्द राजकारणास इतका बहाल केला आहे, की पदव्युत्तर वर्गातही तो उच्चारताच विद्यार्थ्यांच्या मनात निवडणूक उभी राहते.

एका विशिष्ट दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशासच जाऊ देणारी गाळणी म्हणजे ध्रुवक. दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले म्हणजे पहिल्यातून आलेला प्रकाश दुसऱ्यात अडतो आणि काळोख होतो. पूर्वी ह्यासाठी स्फटिक लागत. एडविन लँड ह्या अमेरिकन संशोधकाने १९२९ मध्ये पातळ पत्र्यासारखा ध्रुवक तयार केला आणि १९३८ च्या सुमारास त्याचे अधिक सोयीचे रूप सिद्ध केले. पॉलिव्हिनिल अल्कोहोलची फीत ओढून ताणावयाची, म्हणजे तिचे लांबलचक रेणू एका दिशेस लागतात. मग तिच्यात आयोडीन मुरवावयाचे. आजही द्रवस्फटिक पटलांतील ध्रुवक मुख्यत्वे ह्याच रीतीने होतो. ही फीत नाजूक असल्यामुळे तिच्या दोन्ही अंगांस पारदर्शक थर चिकटवितात आणि तो थर बहुधा सेल्युलोज ट्रायॲसिटेटचा, म्हणजे लाकडाच्या वा कापसाच्या तंतुद्रव्यापासून केलेला असतो.

येथे कल्याणच्या परिसराची आठवण होणे अपरिहार्य आहे. शहाडची सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याची नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ह्या दोन्ही गिरण्यांनी हेच तंतुद्रव्य विरघळवून, बारीक छिद्रांतून काढून, ओढून त्याचा धागा केला. धागा जितका ओढावा तितके रेणू एका दिशेस लागतात, धाग्याचे बळ वाढते आणि काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये तो अधिक उजळ दिसतो. रेयॉनच्या शास्त्रात धाग्याचे हे द्विप्रणमन त्याच्या घडणीची एक खूण म्हणून मोजले जाते. मोहन्याची गिरणी २००९ मध्ये बंद पडली. त्या गिरण्यांत चित्रपटलाचे सामान होत होते असा माझा दावा नाही. परंतु सेल्युलोजच्या रेणूंस ताणून वळण लावण्याची विद्या ज्या गावाच्या वेशीवर दोन पिढ्या नांदली, त्या गावच्या महाविद्यालयांत ध्रुवण शिकविताना ह्या धाग्याचा दृष्टांत कोणी द्यावा, असे वाटते. आम्ही शिकलो तेव्हा तो कोणी दिला नाही.

आता काचेकडे वळावयाचे. १८१५-१६ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस्टर ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दाखविले, की साधी काच दाबली वा वाकविली असता ती तात्पुरती कॅल्साइटसारखी वागू लागते. म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पडताना प्रकाशाचे ध्रुवण बदललेले असते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा शाळकरी वयापासून नीट न निवविलेल्या काचेचे तुकडे ध्रुवित प्रकाशात धरून त्यांतील रंगीत आकृती चितारीत असे. १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने ताण व प्रकाश ह्यांचा संबंध गणिताने मांडला. काचेत लपलेला ताण डोळ्यांस दिसू लागला तो ह्यामुळे.

हा लपलेला ताण महाराष्ट्रातील काच-व्यवसायाच्याही नित्य परिचयाचा विषय होता. तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ चा. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा ओगले काचकारखाना १९१६ चा, ज्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. काचसामानाची भट्टी कितीही उत्तम असो, तयार नग जर एकदम थंड झाला तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, आणि काचेत कायमचा ताण राहतो. अशी कंदिलाची काच पावसाचा एक थेंब पडताच तडकते. म्हणून काच हळूहळू निववावी लागते. ह्यास विश्वकोशीय मराठीत 'अनुशीतन' म्हणतात. 'निवविणे' हा घरातला शब्द हाती असता 'अनुशीतन' का घडवावा लागला, हा प्रश्न मी परिभाषेच्या प्रत्येक वर्गात विचारतो आणि दर वर्षी वर्ग दोन पक्षांत विभागला जातो. तात्पर्य, काचेतील ताण हा कंदिलात तडा होऊन प्रकट होतो आणि चित्रपटलात उजेड होऊन.

द्रवस्फटिकाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून ती येथे संक्षेपाने देतो. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर ह्यास कोलेस्टेरिल बेंझोएटास दोन वितळणबिंदू असल्याचे आढळले. १४५.५ अंशांस पदार्थ गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांस निवळ. त्याने ओटो लेमान ह्यास पत्र लिहिले आणि लेमानने १८८९ मध्ये ह्या अवस्थेस 'वाहते स्फटिक' म्हटले. १९२२ मध्ये झॉर्झ फ्रीडेल ह्याने ह्या नावास आक्षेप घेतला. त्याच्या मते हे पदार्थ धड द्रवही नव्हते, धड स्फटिकही नव्हते. त्याने ग्रीक धातूंवरून नवी नावे केली: सूत ह्या अर्थाच्या शब्दावरून 'नेमॅटिक' आणि साबण ह्या अर्थाच्या शब्दावरून 'स्मेक्टिक'. शास्त्रज्ञांनी त्याची पोटनावे घेतली आणि ज्यास त्याचा विरोध होता ते मूळ नाव मात्र तसेच चालू ठेवले. परिभाषेच्या इतिहासात असे वारंवार घडते; शब्दाचे औचित्य आणि शब्दाचे आयुष्य ह्यांचा संबंध फार सैल असतो.

१९७१ मध्ये मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फ्रिख ह्यांनी दोन काचांमध्ये पीळ दिलेल्या नेमॅटिक थराची रचना प्रसिद्ध केली. विजेचा दाब नसता पीळ प्रकाशाचे ध्रुवण वळवितो आणि प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. दाब दिला की दांडीसारखे रेणू उभे राहतात, वळण नाहीसे होते आणि काळोख पडतो. निदान पडावा. परंतु काचेलगतचे रेणू पुरते उभे राहत नाहीत आणि तिरप्या नजरेने पाहिल्यास उभे रेणूही तिरपेच दिसतात. त्यामुळे बाजूने पाहणाऱ्यास काळे करडे दिसे. पहिली प्रकाशगळती ती हीच. ती सपाट पटलातील होती.

तिच्यावरील एका उपायाचा उगम भारतात आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी. परीक्षेत पहिले आले. नंतर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत आपले मामा सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९५४ मध्ये नागपूर विद्यापीठाचीच डॉक्टरेट मिळविली. केंब्रिजहून परतल्यावर १९६१ पासून ते म्हैसूर विद्यापीठात होते. १९७१ मध्ये त्यांनी रामन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. १९७७ पर्यंत द्रवस्फटिक म्हणजे दांडीसारखे रेणू, असेच समीकरण होते. त्या वर्षी चंद्रशेखर, बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश ह्यांनी 'प्रमाण' ह्या भारतीय नियतकालिकात छोटासा निबंध प्रसिद्ध करून दाखविले, की चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक अवस्था धारण करतात. नाण्यांच्या चळतीप्रमाणे ते एकावर एक रचले जातात. दांडीचे द्विप्रणमन धन, तर चकतीचे ऋण. १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये चकतीच्या रेणूंचा पातळ थर ध्रुवकावर चढवून अशी फीत तयार झाली, की दांड्यांनी तिरप्या प्रकाशात केलेला बिघाड चकत्यांनी निस्तरावा. संगणकाच्या असंख्य सपाट पडद्यांत ही फीत बसली. निबंध लिहिताना चंद्रशेखरांच्या डोळ्यांपुढे पडदा होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांचे धाकटे बंधू पंचरत्नम् ह्यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. १९५५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी द्विप्रणमनी पट्टिका विशिष्ट कोनांत एकापुढे एक ठेवून सर्व रंगांस जवळजवळ सारखाच परिणाम कसा साधावा हे दाखविले. एका पट्टिकेची चूक दुसरीने भरून काढावयाची, हे तत्त्व दोघा भावांच्या कार्यात समान आहे. पंचरत्नम् १९६९ मध्ये ऑक्सफर्ड येथे अकाली वारले. चंद्रशेखर २००४ मध्ये. नागपूर विद्यापीठाच्या एका पदवीधराचे हे कार्य मराठी विज्ञानलेखनात ठळकपणे यावयास हवे होते. २०१६ मध्ये त्याच नागपूरजवळ बुटीबोरी येथे द्रवस्फटिक पटलांचा कारखाना निघणार म्हणून मोठी घोषणा झाली. कारखाना उभा राहिला नाही.

वक्र पटल बाजारात आले ते २०१३-१४ च्या सुमारास. मध्यभागी बसलेल्या प्रेक्षकास पडद्याचा प्रत्येक भाग सारख्याच अंतरावर व समोरून दिसावा, हा त्यामागील विचार. म्हणजे तिरप्या नजरेची जुनी तक्रार वक्रतेने मिटावयाची होती. ती काही अंशी मिटली. परंतु सपाट घडविलेल्या दोन काचा वाकवून हा आकार येतो आणि वाकविलेल्या काचेविषयी ब्रूस्टरने दोनशे वर्षांपूर्वीच इशारा देऊन ठेवला होता.

हिशेब अवघड नाही. एकच काच मोकळेपणी वाकविली तर तिचा बाहेरचा अर्धा भाग ताणला जातो, आतला अर्धा दाबला जातो आणि दोहोंचे परिणाम एकमेकांस छेदतात. परंतु पटलात दोन काचा कडेने घट्ट चिकटविलेल्या असतात आणि म्हणून त्या एका जाड काचेप्रमाणे वाकतात. मागची काच सबंध ताणात, प्रेक्षकाकडील सबंध दाबात. प्रत्येक काच अर्धा मिलिमीटर जाड आणि वक्रतेची त्रिज्या १८०० मिलिमीटर धरली, तर लांबीतील फरक सुमारे सात हजारांत एक भाग पडतो. काचेच्या ताठरपणाचा विचार करता हा ताण सुमारे १ कोटी पास्कल भरतो. अशा काचेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या दोन घटकांत १५ नॅनोमीटरच्या आसपास अंतर पडते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर असल्याने हा आकडा क्षुल्लक वाटेल. तथापि ताणाची दिशा ध्रुवकाशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर एवढ्यानेही शेकडा ०.७ प्रकाश निसटतो. चांगल्या पटलाचे काळे हे त्याच्या पांढऱ्याच्या हजाराव्या हिश्श्याइतके असते. म्हणजे काळे सातपटीने उजळ झाले.

मग एका काचेतील ताण आणि दुसरीतील दाब एकमेकांस रद्द का करीत नाहीत? दोहोंमध्ये काहीच नसते तर त्यांनी केलेही असते. परंतु मध्ये द्रवस्फटिकाचा तीन-चार मायक्रॉनांचा थर आहे आणि रेणू पटलाच्या पातळीतच फिरविणाऱ्या रचनेत हा थर प्रकाशाच्या दोन घटकांत अर्ध्या तरंगाच्या जवळपास अंतर पाडतो. अर्धा तरंग म्हणजे चिन्ह उलटणे. वजाबाकी होणार होती तेथे बेरीज होते आणि दोन काचांची मिळून गळती एकीच्या चौपट भरते. हा भाग मला एका पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने तीनदा समजावून सांगितला, तेव्हा पटला. गळती कोपऱ्यांतच का, ह्याचे उत्तरही ह्याच हिशेबात आहे. पटलाच्या मध्यावर ताण आडवा, ध्रुवकही आडवा वा उभा, म्हणून तेथे काही बिघडत नाही. कोपऱ्याशी मात्र चिकटविलेल्या कडा एका काचेचे ओढणे दुसरीस पोचवितात, तेथे ताणाची दिशा तिरपी होते आणि उजेड निसटतो.

उपाय ह्या हिशेबातूनच निघतात. काच निम्मी पातळ केली तर ताणही निम्मा व प्रकाशाचा काचेतील मार्गही निम्मा. परिणाम चौथाई होतो आणि निसटणारा प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. काच पातळ करण्याकडे धंद्याचा ओढा आहे तो ह्यामुळे. मोडतोड वाढते ही त्याची किंमत. दुसरा मार्ग ताणास प्रतिसाद न देणाऱ्या काचेचा. फ्रीड्रिख पोकेल्स ह्याने १९०२ मध्येच दाखविले होते, की काचेत शिशाचे प्रमाण पुरेसे वाढविले तर हा परिणाम शून्यावर येतो. परंतु शिशाची जड काच चित्रपटलास चालत नाही. दोन्ही काचांच्या आत, द्रवस्फटिकास लागूनच, त्याच्या उलट गुणाचा थर बसविला तर उलटलेले चिन्ह पुन्हा सुलट होईल आणि काचा एकमेकींस रद्द करतील. चकतीच्या फितीतील तत्त्व ते हेच, मात्र थर काचेच्या बाहेर लावून येथे भागत नाही. राहिला यांत्रिक उपाय: कडेचा चिकटा मऊ ठेवावा आणि चौकटीने काचेस आवळू नये. रंगगाळणीची जाळी वरच्या काचेवरून काढून खालच्या काचेवरच बसविण्याची रीतही आहे. तिने वाकविताना दोन काचा सरकून फटी उघड्या पडण्याची निराळी गळती थांबते, ताणाची नव्हे.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत यावयाचे. 'गळती' हा शब्द शास्त्रदृष्ट्या सदोष आहे, कारण येथे भोक पडलेले नाही. प्रकाश फटीतून सुटलेला नसून दिशा बदलून उघडपणे दारातूनच गेलेला आहे. असे असूनही मी तो शब्द ठेवावा असे म्हणतो. मराठीत 'गळणे' व 'गाळणे' ही एकाच धातूची दोन रूपे आहेत. एक आपोआप घडणारे, दुसरे हेतुपुरस्सर केलेले. ध्रुवक प्रकाश गाळतो आणि गाळणे फसले की प्रकाश गळतो. यंत्राचे कार्य आणि त्याचा बिघाड एका स्वराच्या फरकाने सांगण्याची ही सोय इंग्रजीत नाही. शिवाय मराठीत 'पाणी गळते' असेही म्हणतात आणि 'छप्पर गळते' असेही. उजेड गळतो म्हणावे की पटल गळते म्हणावे, ह्यात दोष कोणाच्या माथी मारावयाचा ह्याचा निर्णय दडलेला आहे. सूचीतील पाच कारागिरांपैकी चौघांनी उजेडास कर्ता केले होते. एकाने मात्र 'कोपरा गळतो' असे म्हटले होते.

ह्या पाचव्या कारागिराचे दुकान कल्याण पश्चिमेस आहे आणि मी मुद्दाम तेथे गेलो. गृहस्थ साठीचे, शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेले. उजेडास कर्ता का केले नाही, असे विचारल्यावर त्यांनी दुरुस्तीस आलेले एक वक्र पटल चालू केले, काळे चित्र लावले आणि दुकानातील दिवा मालवला. खालच्या डाव्या कोपऱ्यात ढग दिसत होता. त्यांनी मागील चौकटीचे त्या बाजूचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा वळसा सैल केले. ढग निम्म्याहून अधिक विरला. "सर, उजेड तर सगळीकडे तोच आहे," ते म्हणाले, "आवळलाय तो कोपरा."